पानाची पाठ

१३ एप्रिल १९८७, सोमवार

पोचलो एकदाचा. सावंतवाडी ते दोडामार्ग उभ्यानं, दोडामार्ग ते डिचोली जवळजवळ एका पायावर, आणि पुढं मयेच्या वाटेवरच्या ह्या बंगल्यापर्यंत खनिजाच्या रिकाम्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी. उतरलो तेव्हा पांढरा सदरा विटेच्या रंगाचा झाला होता. मॅनेजर शिवदासबाब हसले आणि म्हणाले, डिचोलीत सगळ्यांचं स्वागत असंच होतं.

बंगला एका खाणमालकांचा. मालक पणजीला असतात, इथं फक्त त्यांचे पाहुणे उतरतात. मी नवा हेडमाळी. कुडाळकडच्या रोपवाटिकेत अकरा वर्षं कलमं बांधून बोटं वाकडी झाली, पण 'हेड' म्हणून कुणी हाक मारली नव्हती. गोव्याला राज्याचा दर्जा मिळणार अशी बोलवा आहे. तो मिळाला की मालक इथल्या बागेत मोठी पार्टी देणार. तोवर बाग त्यांच्या मनास आली तर नोकरी कायम आणि क्वार्टरही आपली. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं बसायला छोटं बाल्कांव. जानकीला चूल कुठं मांडता येईल ते मी आल्याआल्या बघून ठेवलं.

कोमलला आता सहावं लागलंय. शिमग्याला घरी गेलो तेव्हा तिनं माझ्यादेखत आईला विचारलं, हे कधी जाणार? जानकीला हसू आलं, मला नाही आलं. अकरा वर्षं शेडमध्ये झोपणारा बाप पोरीला पाहुणाच वाटणार. ते आता बदलायचं आहे. बघा, कामाची नोंद ठेवायला वही आणली आणि पहिल्याच पानावर घरचं लिहीत बसलो.

१४ एप्रिल, मंगळवार

बाग बघितली आणि डोकं फिरलं. रस्त्याकडची झाडं लाल, ती खनिजाची धूळ, पाइप मारला की जाते. पण आतली अनंताची रांग, कामिनीचं कुंपण, पिटकुळीचे ताटवे, सगळं चुलीवरच्या टोपासारखं काळं. अंगठ्यानं पुसलं तर काजळी हाताला आली आणि खालून पान हिरवंगार निघालं.

ही काजळी म्हणजे बुरशी. लोक तिलाच औषध मारत बसतात आणि मग कपाळाला हात लावतात. काजळी झाडाला खात नाही. वरच्या पानाच्या पाठीला खवले कीड नाहीतर पिठ्या ढेकूण चिकटलेला असतो. तो रस पितो, पितो, आणि पोटात न मावणारा गोड चिकटा खाली सांडतो. त्या चिकट्यावर ही धरते. म्हणून काळं पान दिसलं की त्याच्याकडे बघायचं नाही, वरच्या पानाची पाठ बघायची. रोपवाटिकेत नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हे शिकवायचो. दुसऱ्या दिवशी शिकवायचो की कीड जुन्या पानावर बसून राहत नाही. कोवळा शेंडा मिळाला की मुक्काम हलवते.

अनंताची पानं उलटली. खवले होतेच. एक नखानं उचलला, त्याखाली गोल, फिकट डाग. तोंड खुपसून बसलेला असतो मेला, उचलल्यावरच कळतं.

इथला जुना माळी बाबली. मयेचा, साठी उलटलेला. तो कोंकणी बोलतो, मी मालवणी. ह्या भाषांवरून इथं मोर्चे निघाले, डिचोलीच्या भिंतींवर घोषणा अजून तशाच आहेत. आम्हा दोघांना एकमेकांचं सगळं समजलं, फक्त पटलं काही नाही. त्याचं म्हणणं, काजळी दर उन्हाळ्यात येते, पावसात जाते, तुम्ही कशाला तापता.

१५ एप्रिल, बुधवार

चोर सापडला. अनंताच्या रांगेत मधोमध एक तेलकट काळा दगड आहे, इथं फातर म्हणतात, गुडघ्याएवढा. सकाळी बाबलीनं त्याच्यापुढं गुळातला जाड रोट ठेवला, वर तांब्याभर गुळाचं पाणी ओतलं आणि हात जोडून पुटपुटत उभा राहिला. दर बुधवारी ठेवतो म्हणे. राखण्याचा, म्हणजे जागा राखणाऱ्याचा वाटा. त्याच्या आज्यापासून चालत आलंय.

मी खाली वाकून बघितलं. रोटाला डोंगळ्यांचं मोहोळ. तिथून त्यांची रांग सरळ अनंताच्या बुंध्यावर. डोंगळे म्हणजे ह्या किडीचे गुराखी. चिकटा खातात, किडीला राखतात, एका फांदीवरून दुसरीवर नेऊन ठेवतात. आणि हा देवमाणूस त्यांना दर आठवड्याला जेवण घालतोय! दुपारपर्यंत माझा पारा उतरला नाही.

शिवदासबाबांना जाऊन सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, बराच वेळ चष्मा पुसला. मालकांच्या आजोबांनी ठरवून दिलेलं आहे, म्हणाले. मग म्हणाले, पण बाग तुमच्या ताब्यात आहे, तुम्ही बघा आणि मला विचारू नका. असं सांगणारे मॅनेजर मला फार आवडतात.

रोट उचलून लांब फेकला, जागा धुतली, मुंग्यांची पावडर टाकली. फातर बसायला बरा होता. त्याच्यावरच बसून मी दुपारभर बुंध्यांना ग्रीसचे पट्टे फासले. बाबली लांब उभा राहून बघत होता. एवढंच विचारलं, "आतां तो कितें खातलो?" मी म्हटलं, सगळा डोंगर पडलाय, खाईल काहीतरी. त्यानं कोयता कमरेला अडकवला आणि गेला. वाटा परत ठेवाल तेव्हा येईन असं स्वयंपाकीण शांताकडे सांगून गेला. जा म्हटलं. एकट्यानं बाग करायची सवय आहे मला.

२३ एप्रिल, गुरुवार

जमलं. आठ दिवस कमरेचा काटा ढिला झाला, पण जमलं. आधी साबणाचं पाणी, पानाच्या पाठीवर, खालून वर. मग तंबाखूचा काढा. किडे मेले, डोंगळे ग्रीसपाशी अडले. मग शेवटची मात्रा, पेजेची खळ. शांता रोज भात शिजवताना दाट पेज काढून ठेवते. ती पातळ करून फवारली, कडक उन्हात वाळू दिली. खळ पापुद्र्यासारखी सुटते आणि काजळी सोबत घेऊन खाली पडते. अनंताखाली काळ्या पापुद्र्यांचा सडा, वर पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. शिवदासबाब स्वतः बघायला आले. शांताला म्हणाले, कुडाळचो मनीस हुशार.

जानकीला पत्र टाकलं. मे अखेरचा रविवार, ३१ तारीख, दोघी या. कोमलच्या शाळेचं इथं बघतो. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत दारात पाव आणून देतो, हे मुद्दाम लिहिलं. तिला गंमत वाटेल.

२ मे, शनिवार

परत. अनंत, कामिनी, दोन्ही काळी.

ठीक आहे, राहिली असेल एखादी फांदी. भिंग घेऊन सकाळपासून पानं उलटली. अनंताची सगळी. एक खवला नाही. मावा नाही, ढेकूण नाही, पांढरी माशी नाही, एक डोंगळासुद्धा नाही. पानांच्या पाठी धुतलेल्या ताटासारख्या स्वच्छ. आणि पुढच्या बाजूला चिकटा, ताजा, बोट लावलं तर तार येते.

कीड नाही तर चिकटा कुठून? अकरा वर्षांत असं बघितलं नाही. मान आखडली आणि हातात काही आलं नाही.

७ मे, गुरुवार

दुसऱ्यांदा धुतलं, खळ मारली, स्वच्छ केलं. तिसऱ्या दिवशी काळं. आता तर झाडांवरच नाही. मोकळ्या आभाळाखालचा सिमेंटचा बाक काळा. माझी झारी काळी. दोरीवरचा सदरा काळ्या ठिपक्यांचा. शांता ओरडली की पाहुण्यांच्या चादरी खराब झाल्या, हे तुमचं औषध उडतं. माझं औषध काळं नसतं हो बाई, असं सांगून घसा बसला.

काम मात्र उरकत नाही. दुपारी दोन बादल्या उचलल्या की हातपाय गळतात. ऊन असेल.

११ मे, सोमवार

शिवदासबाबांनी आज बोलावून घेतलं. पार्टीची तीस तारीख ठरल्यात जमा आहे, शंभर माणसं येणार, आणि बाग अशी? हुशार हा शब्द मागे घेतला नाही एवढंच. मी खाली मान घालून ऐकलं. नोकरी गेली तर जानकीला काय तोंड दाखवू?

चिकटा कुठून पडतो ते पकडायचंच म्हणून जुने पेपर पसरून ठेवले, बागेच्या चारी कोपऱ्यांत. तिन्हीसांजेला गोळा केले. उत्तरेकडचे कोरडे, तिकडे मी आज फिरकलो नव्हतो. पिटकुळीपाशी सकाळभर खुरपत होतो, तिथले पेपर ठिपक्यांनी चिकट.

मी जिथं काम करतो तिथंच पडतो. हे लिहिताना हसू आलं. मग नाही आलं.

पट्ट्याला नवं भोक पाडलं आज. दुसरं.

१६ मे, शनिवार

डिचोलीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्त कमी आहे म्हणाले. शक्तीची बाटली दिली, चांगलं खा म्हणाले. चार पाव खातो सकाळी, डॉक्टर. जातात कुठं ते मला सांगा.

दुपारी बाल्कांवात खाटेवर पडलो होतो. उठलो आणि खाटेकडे बघितलं. पांढऱ्या चादरीवर काळे ठिपके, दाट, काठापर्यंत. मधोमध माझ्या अंगाएवढी जागा कोरी. डोकं, खांदे, पाय, सगळं ओळखू येत होतं.

वर बघितलं. कौलं. काही नाही. चांगली न्याहाळून बघितली, चढून हात लावला. कोरडी.

वरच्या पानाची पाठ बघायची, असं मीच शिकवतो. पण इथं वरचं पान—

२० मे, बुधवार

पाहुण्यांच्या खोलीत मोठा आरसा आहे. सदरा काढला, दाढीचा आरसा हातात धरला.

पाठ काळी आहे. मानेपासून कमरेपर्यंत काजळी. साबणानं घासली, सुटली, खाली कातडी बरी आहे. फक्त दोन खांद्यांच्या मध्ये गोल डाग, करवंटीएवढा. फिकट. मेल्यासारखा फिकट. काजळी त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबलेली.

हा डाग मी ओळखतो. नखानं खवला उचलला की खाली हाच असतो. फक्त इथं उचललेलं काही दिसत नाही.

हात मागं नेला. पोचत नाही तिथं. शांताला बघ म्हटलं, तर ती दारातूनच मागं सरली आणि संध्याकाळी बोचकं बांधून घरी गेली.

२१ मे, गुरुवार

मयेला गेलो, बाबलीकडे. चालत अर्ध्या तासाची वाट, चार ठिकाणी बसलो. तो तळ्याकाठी शेळ्या बांधत होता. मला बघून त्यानं आधी माझ्या पाठीमागं बघितलं, मग मला ओट्यावर बसवलं. स्वतः लांब, अंगणात उभा राहिला.

मी पाया पडायला वाकलो तर नको म्हणाला. रागावला नव्हता, ते जास्त वाईट वाटलं. सांगितलं त्यानं, सरळ, धान्याचा भाव सांगावा तसं. वाटा त्याला माणसांपासून लांब ठेवायला होता. गोड तिथं मिळतं, मग तो तिथंच राहतो. तुम्ही गोड काढून घेतलं आणि वर त्याच्याच जागेवर पाठ करून बसलात. मग तो तुमच्यावर बसला.

परत रोट ठेवला तर? ठेवून बघा म्हणाला. पण मान हलवली.

मग विचारलं, मूलबाळ आहे? मुलगी, सहावं लागलंय, म्हटलं. त्यानं पुन्हा माझ्या पाठीमागं बघितलं. नंतर म्हणाला, तिला आणू नका इथं.

हे मला कुणी सांगायला नको होतं. कोवळ्या शेंड्याचं मीच तर शिकवतो.

२४ मे, रविवार

रोट भाजला. करपला, पण भाजला. शेरभर गूळ घातला. फातराला आंघोळ घातली, नाक घासलं, चुकलो म्हटलं. माझ्यासारख्या माणसानं. शिवदासबाब खिडकीतून बघत होते, बघू देत.

रोट तसाच आहे. मुंगीसुद्धा फिरकली नाही.

पट्ट्याला आता भोकं पाडायला जागा नाही, सुतळी बांधतो.

२८ मे, गुरुवार

तार केली. येऊ नका. दोनदा केली, सोमवारी आणि आज. पोस्टमास्तर म्हणाले की गावात पोचायला दोन दिवस लागतील, तीनही लागतील, पोस्टमन रजेवर असेल तर सांगता येत नाही. काय उपयोग मग तारेचा? काऊंटरवर मूठ आपटली. मूठ आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मीच गेलो असतो गावाला. पण माझ्याबरोबर तेही—

नाही. इथंच राहायचं. मी संपलो की त्याचंही बघू काय होतं. कोमल लांब आहे तेवढं पुरे.

२९ मे, शुक्रवार

आल्या.

भावोजींचा टेम्पो फणस घेऊन म्हापशाच्या बाजाराला येत होता. त्यातून. तिथून बस. दोन दिवस आधी आलो, चकित करायचं होतं, म्हणते जानकी. तार मिळाली नाही.

मी अनंतापाशी उकिडवा बसून पानं पुसत होतो. पाठ फाटकाकडे. पाय वाजले, वळायच्या आत गळ्यात हात पडले. कोमल. पाठीवर लोंबकळली, गाल मानेला लावला. बाबा, घोडा. ह्या खेपेला तिनं कधी जाणार ते विचारलं नाही.

किती वेळ? पाच मोजेपर्यंत. दहा. मला हलकं वाटलं. पोर इतक्या दिवसांनी जवळ आली म्हणून, असं वाटलं.

मग ओरडलो. ओढून काढली तिला. पडली ती, कोपर फुटलं. जानकी माझ्याकडे बघतच राहिली. कोण बाई ठेवली आहे का इथं, विचारलं तिनं. हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो? चारच्या बसनं दोघींना परत पाठवलं. बस येईपर्यंत कोमल फाटकाजवळच्या चिऱ्यावर बसून होती. रडत नव्हती. मी लांब उभा होतो.

गेल्या. वाचल्या.

३० मे, शनिवार. सकाळ

चांगली झोप लागली. दीड महिन्यात पहिल्यांदा. पाच पाव खाल्ले, अजून भूक आहे.

बाग स्वच्छ आहे. काल पुसलेली पानं आज तशीच हिरवी. बाक कोरडा, झारी कोरडी, चादर पांढरी. एक ठिपका नाही. मांडव पडतोय, डिचोलीहून बँडवाले आलेत, सगळीकडे झेंडे. राज्य झालं. शिवदासबाबांनी सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवला आणि लखोटा दिला. नोकरी कायम. क्वार्टर माझ्या नावावर. मालक विचारत होते म्हणे, असं कुठलं औषध मारलं?

कुठलंच नाही. मी काहीच मारलं नाही.

मग गेली कशी?

अकरा वाजता

आरसा बघून आलो. डाग भरून येतोय. खवला सोडून गेला की झाडाचा भरतो तसा.

सोडून गेला की. कीड जुनं पान सोडते ते—

नाही. पाच मोजेपर्यंत होती ती फक्त. दहा.

फाटकापाशी जाऊन आलो. काल कोमल बसली होती तो चिरा. त्याच्यावर काळे ठिपके, ताजे, चिकट, सगळीकडून. मधोमध कोरी जागा. लहान. माझी वीत पुरली तिला.

बँड सुरू झाला. शिवदासबाब हाक मारताहेत, फोटो आहे म्हणे. साडेअकराची बस मिळाली तर दोनपर्यंत घरी. मी घेईन परत. माझ्यावर बसू दे, सगळं पिऊ दे. जानकीला आधी सांगायचं, तिला उचलू नको, कुशीत घेऊ नको, आधी फ्रॉक वर कर आणि तिची पाठ—